घरचा सर्व्हर भाड्याने द्यायचाय? आधी गुरुवारचं बघा

गिऱ्हाईक शोधण्याआधी वीजबिल काढा. सर्व्हर सरासरी १०० वॅट खात असेल, तर महिन्याचे ७२ युनिट झाले. हे युनिट घरच्या वापरावर चढतात, म्हणून हिशोब तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबच्या दराने करा. बरेच बेत इथेच बारगळतात, आणि ते बरंच.

मग लाइट. पुण्यात देखभालीसाठी लाइट जायची ती बहुधा गुरुवारीच. यूपीएसच्या खोक्यावरच्या मिनिटांवर जाऊ नका. सर्व्हर चालू ठेवून भिंतीतला प्लग काढा आणि घड्याळ लावा. मी हे केलं तेव्हा सर्व्हर मजेत चालू, पण फायबरचा डबा साध्या प्लगवर! राउटर आणि तो डबा, दोन्ही यूपीएसवर घ्या. जिन्यातल्या केबलवाल्याच्या पेटीला बॅकअप आहे का, तेही विचारा. ९९.९ टक्के चालू राहण्याचा शब्द द्यायचा, तर महिन्याला जेमतेम ४३ मिनिटं बंद परवडतं. एक गुरुवार त्याची वाट लावतो. त्यामुळे तसला शब्द देऊच नका.

राउटरमधला वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने तुमच्या राउटरला दिलेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला, त्यामुळे बाहेरून कुणी थेट पोचणार नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता मागा, आणि घरगुती प्लॅनच्या अटींत अशी विक्री चालते का ते वाचा.

एका सर्व्हरचे अनेक आभासी संगणक करणारं प्रॉक्समॉक्स हे सॉफ्टवेअर टाका, प्रत्येक गिऱ्हाइकाला असा वेगळा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन द्या, आणि हे सगळं घरच्या वायफायपासून वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच यंत्रणेतलं स्वतंत्र नेटवर्क) ठेवा. रेड, म्हणजे एक डिस्क गेली तरी चालावं म्हणून अनेक डिस्कची केलेली जोडणी, हा बॅकअप नव्हे. दुसरी प्रत मेहुण्याच्या घरी असू द्या.

कागदपत्रांचा कंटाळा नको. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे व्हीपीएस (भाड्याचं व्हर्च्युअल मशीन) देणाऱ्याने गिऱ्हाइकाचं खरं नाव-पत्ता, संपर्क आणि दिलेले आयपी ५ वर्षं जपायचे, लॉग (यंत्रणेत काय-काय झालं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची.

पहिलं गिऱ्हाईक ओळखीतलं घ्या. लग्नाच्या फोटोंची जादा प्रत ठेवणारा फोटोग्राफर चालेल. चार तास सर्व्हर बंद पडला तर त्याला कळणारही नाही. ज्या दुकानाचं बिलिंग तुमच्यावर चालणार, त्याला मात्र सरळ नाही म्हणा.