भाजीतलं तेल कमी करा, फोडणी न सोडता

वजन उतरवण्यासाठी भाज्या-डाळींवर आलो, तरी कढईत डावभर तेल जातंच. तेलाच्या एका छोट्या चमच्यात (५ मिली) साधारण ४० कॅलरी असतात, म्हणून कात्री तिथेच लावावी.

१. जाड बुडाच्या कढईत कांदा कोरडाच परता. चिकटायला लागला की चमचाभर पाणी शिंपडा. दोन-तीनदा असं केलं की कांदा छान तांबूस होतो.

२. भाजी, हळद, मीठ घालून वर ताट ठेवा आणि ताटात पाणी ओता. आजीची जुनीच पद्धत! भाजी वाफेवर शिजते, करपत नाही. लागलंच तर ताटातलं गरम पाणी भाजीत घालता येतं.

३. शेवटी फोडणीच्या पळीत एकच छोटा चमचा तेल, त्यात मोहरी, हिंग, कढीपत्ता. वरून ओता आणि लगेच झाका. वास वर राहतो, त्यामुळे तेल कमी आहे हे जाणवतही नाही.

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर मिळणारी दुधी, पडवळ, कोबी, फरसबी यांना हे उत्तम जमतं. भेंडीला नाही, झाकली की ती बुळबुळीत होते.

दाण्याचं कूटही बेतानं घाला, शेंगदाण्यात जवळपास निम्मी चरबीच असते.

दूध-दहीही बंद केलं असेल, तर बी-१२ जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा. ते भाज्या-डाळींतून मिळत नाही.