भाकरी, आमटी, शेंगा चटणी: घरच्या जेवणातलं प्रोटीन आणि कॅलरी कशी मोजायची

सकाळी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात माझ्यासोबत चालणारे बरेच जण मोबाईलवर स्टेप्स मोजतात, पण खाल्लेलं मोजा म्हटलं की "घरचंच तर जेवतोय की ओ, त्यात काय मोजायचं" असं म्हणतात. खरं तर मोजायला सगळ्यात सोपं घरचंच, कारण पातेल्यात काय काय पडलं ते आपल्या डोळ्यासमोर असतं. फक्त ऍपमध्ये "भाकरी १" टाकून मोकळं व्हायचं नाही. तुमच्या घरची भाकरी केवढी ते ऍपला कसं कळणार, आणि खानापूरकडं तर ती तांदळाची असते.

एक साधा डिजिटल काटा घ्या, एकेक ग्रॅम दाखवणारा. आणि एक गोष्ट पक्की धरा, शिजायच्या आधी मोजायचं. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५६ कॅलरी असतात, तोच शिजला की पाणी पिऊन अडीच-तीन पट होतो, मग १०० ग्रॅम भातात १३० च्या आसपासच उरतात. ताटातला भात मोजून कच्च्या तांदळाचा आकडा लावला की सगळा हिशोब बोंबलला, आणि ही चूक लई जणांची होते. आकडे बघायला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली काढलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते आहेत, ५२८ पदार्थ आहेत त्यात, मी कच्च्या धान्याचे आकडे तिथलेच धरतो.

आता भाकरी. मी काय केलं, काट्यावर परात ठेवून शून्य केलं आणि आईला म्हटलं तू रोजच्यासारखं एका भाकरीचं पीठ घे. "पीठ कशाला मोजूलालास रे, पोट भरंतोवर खा की" म्हणत तिनं घेतलं, ७० ग्रॅम भरलं. मग चार दिवस रोज बघितलं तर ६८, ७२, ७०, ७१, म्हणजे तिच्या हाताचा अंदाज इतका पक्का की पाचव्या दिवशी मोजायची गरजच राहिली नाही. जोंधळ्यात, म्हणजे ज्वारीत, १०० ग्रॅमला ३३४ कॅलरी आणि १० ग्रॅम प्रोटीन, म्हणून आमची एक भाकरी २३५ कॅलरी, ७ ग्रॅम प्रोटीन. हे वहीत लिहून ठेवलं, काम झालं. तांदळाच्या भाकरीला तेवढ्याच पिठात कॅलरी थोडी जास्त आणि प्रोटीन साडेपाच ग्रॅम, फायबर मात्र जोंधळ्यापेक्षा बरंच कमी.

आमटीचा हिशोब करताना मला खरा धक्का बसला. चौघांसाठी १०० ग्रॅम तूरडाळ घातली तर सगळ्या पातेल्यात प्रोटीन २२ ग्रॅम, म्हणजे वाटणीला साडेपाच. आणि आपण समजतो डाळ खाल्ली म्हणजे प्रोटीन झालं. पातळ आमटी दोन वाट्या प्यायल्या तरी ११ च. म्हणून डाळ वाढवा, आमटी घट्ट करा, नाहीतर सोबत मोडाची उसळ, दही किंवा अंडं घ्या, एका अंड्यात ६ ग्रॅम असतं.

फोडणीचं तेल विसरू नका. चहाचा एक चमचा तेल म्हणजे ४० कॅलरी, आणि आपण बुधल्यातनं सरळ ओततो तेव्हा चमचे कोण मोजतंय. सोपा उपाय म्हणजे स्वयंपाकाआधी बुधला काट्यावर ठेवायचा, झाल्यावर परत ठेवायचा, फरक तेवढं तेल, मग माणसांनी भागायचं.

शेंगा चटणी पौष्टिकच आहे, ती सोडायला मी कुणाला सांगणार नाही. पण २० ग्रॅमला १०० च्या आसपास कॅलरी जातात, वर परत तेल घेतलं तर वेगळंच. भाकरीसोबत ती नकळत तीनदा वाढून घेतली जाते, म्हणून ताटात एकदाच काय ते मोजून घ्या.

किती पाहिजे म्हणाल तर साध्या माणसाला वजनाच्या किलोमागं रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, ६५ किलोला ५४ ग्रॅम. जिममध्ये वजनं उचलणाऱ्याला साधारण १.४ ते २ ग्रॅम धरतात. किडनीचा त्रास, शुगर असलं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका, हे मनापासून सांगतोय.

दुधाच्या पाकिटावर आकडे छापलेले असतात, फक्त ते १०० मिलीचे आहेत का एका ग्लासाचे तेवढं बघा. कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई, सुटा घेतला तर त्यावर काहीच नसतं, तिथं खवा-साखर समजून ग्रॅम लिहा, आकडा थोडा चढाच धरा. जत्रेत, लग्नात काटा नेऊ नका, पोटभर जेवा आणि घरी येऊन अंदाजानं लिहा.

वजन रोज सकाळी पोट साफ झाल्यावर बघा पण निर्णय आठवड्याच्या सरासरीवर घ्या, कारण रात्री खारट खाल्लं तरी दुसऱ्या दिवशी काटा वर जातो. दोन-तीन आठवडे सरासरी हललीच नाही तर आधी तेल आणि चटणी परत मोजा, भाकरी कमी करायचं नंतर बघू. आणि काटा वरच्या फळीवर ठेवू नका, पिठाच्या डब्याशेजारी ठेवा.