परदेशी जाणारी लाकडी पेटी: नक्षीच्या आधीचं काम

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचा छोटा कारखाना आहे. दागिन्यांच्या पेट्या करतो, अमेरिकेला आणि जर्मनीला जातात. या धंद्यात नवी उतरणारी पोरं आधी मोबाईलवर नक्षीचे फोटो दाखवतात. मी विचारतो, लाकडात ओल किती?

पेटीची खरी परीक्षा गिऱ्हाइकाच्या घरी जानेवारीत होते. तिकडं थंडीत घर तापवतात, आतली हवा खडखडीत कोरडी. आपल्या पावसाळ्यातली ओल प्यायलेलं लाकूड तिथं आकसतं. झाकण चिरतं, नाहीतर पीळ भरून बसतच नाही. म्हणून भट्टीत वाळवलेलंच लाकूड घ्या आणि मॉइश्चर मीटर लावा. ८ ते १० टक्के आलं तरच पुढं जायचं. वखारवाला म्हणेल, ‘मालक, दोन वर्षं वाळलंय.’ म्हणू दे. फळी मधोमध कापून ताज्या कापावर मीटर टेकवा, बाहेरचा आकडा फसवतो. जून ते सप्टेंबर वाळक्या फळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवा.

लाकूड कुठलं? आंबा परवडतो, पण किड्याला लई आवडतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून मग वाळवायचा. शिसम देखणं खरं, पण २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे आणि त्याच्या कायदेशीरपणाचे कागद जमवावे लागतात. सुरुवात आंब्यानंच करावी.

आता झाकण. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसतं. म्हणून नक्षीची फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवायची, कडेला फेविकॉल अजिबात नको. बसवण्याआधीच तिच्या कडांना रंग आणि पॉलिश द्या, नाहीतर फळी आकसली की चौकटीलगत कोऱ्या लाकडाची पांढरी रेघ उघडी पडते. पितळी पट्टी जडवायची तर लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. आडवी लांब पट्टी दिसते छान, पण लाकूड आकसतं आणि पितळ आहे तेवढंच राहतं, मग पट्टी उचकटते. डिझायनर मंडळींना हे सांगून माझी जीभ झिजली.

बिजागरीचे पितळी स्क्रू मऊ असतात, पिळताना डोकं तुटतं. भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत घालून काढा, मग पितळी बसवा.

कोपऱ्यांना चामडं लावणार असाल तर पापाच्या तिकटीला चपलांच्या दुकानांत चौकशी करा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं युरोपला सोयीचं पडतं. तिथं चामड्यात ‘क्रोमियम-६’ हे क्रोमचं घातक रूप दर किलोला ३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आणि या पद्धतीत मुळात क्रोम वापरतच नाहीत. रंगाचं मात्र पुरवठादाराकडून लिहून घ्या, काही ॲझो रंगांवर तिथं बंदी आहे.

वासाकडं फार जण दुर्लक्ष करतात. बंद पेटीत पॉलिशचा वास कोंडतो आणि तिकडचं गिऱ्हाईक झाकण उघडल्या उघडल्या नाक मुरडतं. पेट्या झाकण उघडं ठेवून वाऱ्याला ठेवा. आमच्याकडं सून प्रत्येक पेटीत नाक घालून बघते. ती ‘हं’ म्हणाली की माल पॅकिंगला.

ताज्या पॉलिशवर बबल रॅप थेट गुंडाळला तर फुगे उमटतात आणि वर्तमानपत्र गुंडाळलं तर त्याची शाई लागते. आधी कोरा पातळ कागद, आत सिलिका जेलची पुडी, मग बबल रॅप. खोकी लाकडी पॅलेटवर जाणार असतील तर पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का बघा. शिक्क्यात HT अक्षरं असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याची ती खूण. प्लायवूडच्या पॅलेटला हा शिक्का लागत नाही.

कागदांचं काम वाटतं तेवढं अवघड नाही. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक, पॅनवर ऑनलाइन निघतो, फी ५०० रुपये. दागिन्यांच्या लाकडी पेटीचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा जगभर चालणारा आकडा, ४४२० ने सुरू होतो. आणि अमेरिकेला माल जाणार असेल तर ‘मेड इन इंडिया’ पेटीच्या बुडाला तापल्या शिक्क्याचा डाग देऊनच उमटवा, चिकटवलेलं लेबल वाटेत निघून जातं.