क्वांटम कायद्याचा मसुदा लिहिताय? या चुका टाळा

लॉ कॉलेज रोडवरच्या माझ्या ऑफिसात कायद्याची मुलं मसुदे दाखवायला आणतात. परवा आलेल्या क्वांटम विधेयकाची पहिलीच व्याख्या: "क्वांटम संगणक म्हणजे पन्नासहून अधिक क्यूबिटचं यंत्र." लाल पेन तिथूनच सुरू झालं.

क्यूबिटच्या, म्हणजे क्वांटम संगणकातल्या माहितीच्या मूळ एककाच्या, आकड्यावर व्याख्या बांधू नका. सारखे चुकणारे हजार क्यूबिट क्वचित चुकणाऱ्या शंभरांपुढे फिके पडू शकतात. शिवाय २०२३ च्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये संगणकाबरोबर संदेशवहन, सेन्सर आणि मटेरियल्सही आहेत. मसुद्यात त्यांचा पत्ताच नाही. पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेच्या क्वांटम तंत्रज्ञानाच्या आय-हबमध्ये एक चक्कर मारली असती तरी हे सुचलं असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक पुढच्या पानावर होती: एन्क्रिप्शनच्या, म्हणजे माहिती कुलूपबंद करण्याच्या, पद्धतीचं नाव थेट कलमात. अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम हल्ल्यापुढे टिकावीत म्हणून तीन मानकं जाहीर केली. त्यातलं एक मुलांनी जसंच्या तसं उचललेलं. आता निस्टच्याच निवडीत चौथ्या फेरीपर्यंत पोचलेली 'साइक' पद्धत बघा. २०२२ मध्ये ती साध्या संगणकावर तासाभरात फुटली. असं नाव कलमात असेल तर दुरुस्तीसाठी संसदेची वाट बघा! आयटी कायदा २००० मध्ये हे बरं जमलंय. कलम ३ असममित किल्ल्यांच्या (सही करायला एक, तपासायला दुसरी) पद्धतीबद्दल मोघम बोलतं, आरएसए या ठरावीक पद्धतीचं नाव नियमांत आहे. नियम अधिसूचनेने बदलतात. "उद्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावरची सही कुणी बनावट केली तर?" असं विचारल्यावर मुळशीची मुलगी सावरून बसली.

"यंत्र येऊ दे, मग बघू" हेही नको. आज चोरून ठेवलेला एन्क्रिप्टेड डेटा पंधरा वर्षांनीही क्वांटम संगणकाने उघडता येऊ शकतो. पण त्यासाठी नवं प्रकरण कशाला? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपायांचं बंधन आहेच. नव्या एन्क्रिप्शनकडे वळायची मुदत नियमांत घाला.

शेवटच्या कलमात प्रत्येक क्वांटम उपकरणाला परवाना. हे अमेरिकेच्या सप्टेंबर २०२४ च्या निर्यात निर्बंधांवरून सुचलेलं. अहो, ते विकणारे, आपण बरंचसं विकत घेणारे! आपल्या निर्यातीसाठी स्कॉमेट ही नियंत्रित वस्तूंची यादी आहे. हा परवाना मात्र आपल्याच प्रयोगशाळेला क्यूबिट अतिथंड ठेवणाऱ्या शीतक यंत्राच्या सुट्या भागासाठी ताटकळत ठेवणार. परवाना देणार कोण, असं विचारलं.

"मॅडम, तिथे सध्या ठिपके ठेवलेत."