दुहेरीत करिअर करायचंय? आधी हे वाचा

माझ्याकडे बॅडमिंटन शिकायला येणाऱ्या मुलामुलींपैकी निम्मे तरी पहिल्याच दिवशी सांगतात, "एकेरीत काही जमेना, म्हटलं दुहेरी खेळून बघू." मी त्यांना रॅकेट खाली ठेवायला सांगते आणि विचारते, जोडीदार कोण? उत्तर बहुतेकदा नसतंच. म्हणजे नोकरी ठरली, पण कसली ते माहीत नाही, असा प्रकार.

मी अकरा वर्षं दुहेरी खेळले, तीन जोडीदारांबरोबर. जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात एकदा डोकावून आले, तेही काठावरून. पण चुका भरपूर केल्या आहेत, आणि त्याच इथे कामाला येतील.

आधी हात तपासा. जोडीदाराला समोर उभं करा, दोघं मधल्या कोर्टात, आणि नेटला घासून जाणारे सपाट ड्राइव्ह मारत राहा. शटल किती जोरात जातंय ते बघू नका. फटका मारल्यावर रॅकेट कुठे जाते ते बघा. पुढच्या फटक्याआधी ती परत छातीसमोर येत असेल तर दुहेरीचा हात आहे. मांडीपाशी लोंबकळत असेल तर अजून वर्षभराचं काम आहे. दुसरी तपासणी मनाची. नेटपाशी उभं राहून समोरच्याला शटल उंच उचलायला लावायचं आणि मागून जोडीदाराने स्मॅश मारून टाळ्या घ्यायच्या, यात तुम्हाला मजा येते का? येत नसेल तर एकेरी खेळा, त्यात कमीपणा नाही.

सोळा-सतरा वर्षांपर्यंत दोन्ही खेळावं असं मी सांगते. एकेरीने पायात जी ताकद येते, ती नुसती दुहेरी खेळून येत नाही.

सर्व्हिसवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मॅच तिथेच जाते. दुहेरीचं कोर्ट ६.१० मीटर रुंद, एकेरीचं ५.१८. रुंदी वाढली, पण सर्व्हिससाठी लांबी उलट कमी होते. पुढची सर्व्हिस लाइन नेटपासून १.९८ मीटरवर आणि मागची शेवटच्या रेषेच्या ०.७६ मीटर आत. मधे उरतात जेमतेम चार मीटर. म्हणून घेणारा खेळाडू बिनधास्त पुढे येऊन उभा राहतो, कारण डोक्यावरून टाकलेली उंच सर्व्हिस, म्हणजे फ्लिक, फार लांब जाऊच शकत नाही. तुमची सर्व्हिस नेटच्या पट्टीवर चार बोटं उंच गेली की तो ती तुमच्या छातीवर आणून आदळतो. एकेरीत सर्व्हिस चुकली तरी सावरायला वेळ मिळतो, इथे पापणी लवायच्या आत गुण गेलेला असतो.

यासाठी एक साधा सराव आहे. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, पट्टीच्या वर अर्धी वीत सोडून दोरी बांधा. पट्टी आणि दोरी यांच्या मधून जाऊन पुढच्या रेषेपासून हातभर अंतरात पडलेलीच सर्व्हिस मोजायची. अशा शंभर करा. त्यातल्या शेवटच्या वीस मात्र सगळा सराव संपल्यावर, पाय थरथरत असताना. मॅचमध्ये ती सर्व्हिस तशाच पायांवर करावी लागते.

उंचीचा नियमही नीट समजून घ्या. पूर्वी शटल बरगडीच्या खाली हवं असा नियम होता आणि निर्णय सर्व्हिस जजच्या नजरेवर असायचा. २०१८ पासून मोजमाप पक्कं झालं. रॅकेट लागते त्या क्षणी पूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. मी जुन्या नियमात वाढलेली आणि उंच. एका उपांत्यपूर्व सामन्यात १९-१९ असताना माझी सर्व्हिस उंचीसाठी फॉल्ट दिली गेली. मी वाद घातला. नंतर व्हिडिओ पाहिला तर जजचं बरोबर होतं. ताण आला की माझे खांदे वर चढायचे आणि त्यांच्याबरोबर हातही चढायचा. तेव्हापासून भिंतीवर १.१५ मीटरवर चिकटपट्टी लावून, फोन त्याच उंचीवर ठेवून आठवड्यातून एकदा शूटिंग करते आणि विद्यार्थ्यांकडूनही करून घेते. शटल फिरवून टाकायची स्पिन सर्व्हिस व्हिडिओत बघून शिकणाऱ्यांनी वेळ वाया घालवू नये. २०२३ मध्येच तिच्यावर बंदी आली.

सर्व्हिस करणाऱ्याने तिसऱ्या फटक्याची, म्हणजे सर्व्हिस परत आल्यावरच्या फटक्याची, जबाबदारीही घ्यायची असते. सर्व्हिस टाकली आणि बघत उभं राहिलं, ही नवख्यांची खूण. टाकताक्षणी रॅकेट वर, पाऊल पुढे, नेटजवळचं सगळं तुमचं आणि मागचं सगळं जोडीदाराचं.

आता जोडीदार. एक मागून मारणारा, एक पुढे खेळणारा, अशी जोडी शोधतात, ते बरोबरच आहे. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या नावावर ताशी ५६५ किलोमीटरच्या स्मॅशचा विक्रम आहे, तो मुलांना पाठ असतो. पण ते शटल वर उठावं म्हणून नेटवर धावून जाणारा त्याचा जोडीदार चिराग शेट्टी काय करतो, ते एक पूर्ण गेम फक्त त्याच्याकडेच बघून पाहा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ही जोडी जगात पहिल्या क्रमांकावर पोचली, त्यात दोघांचाही हात आहे. डावखुरा-उजवा जोडी मिळाली तर सोडू नका. शटलचे कोन बदलतात आणि समोरच्यांचा हिशेब चुकतो. २०११ च्या जागतिक स्पर्धेत अश्विनी पोनप्पाबरोबर कांस्य जिंकणारी ज्वाला गुट्टा डावखुरीच.

मात्र माणूस पारखायचा तो हरल्यावर. नवीन जोडीदाराबरोबर एक तरी परगावची स्पर्धा खेळा आणि पहिल्या फेरीत हरून एकत्र परत या. त्या प्रवासात तो काय बोलतो, किंवा किती तास बोलत नाही, त्यावरून जेवढं कळतं तेवढं महिनाभर सराव करून कळत नाही.

माझ्या पहिल्या जोडीदाराबरोबरचा एक गुण मला अजून दिसतो. समोरच्यांचा मॅच पॉइंट. स्मॅश दोघींच्या बरोब्बर मधे आला, काही विशेष जोराचाही नव्हता. मी म्हणाले, "तुझं!" त्याच क्षणी तीही म्हणाली, "तुझं!" शटल दोन रॅकेटींच्या मधून अगदी सावकाश खाली पडलं, एक पीस तुटून बाजूला गेलं, आणि आम्ही दोघी त्या पिसाकडे बघत राहिलो.

त्या रात्री आम्ही दोन नियम केले. बचाव करताना मधलं शटल जिचा फोरहँड मधे असेल तिचं. आणि कोर्टवर ओरडायचं ते फक्त "माझं". दुसऱ्याला हुकूम नाही. पुढे "सॉरी" या शब्दावरही बंदी घातली. एकीने सॉरी म्हटलं की दुसरीला "असू दे" म्हणावं लागतं, आणि दोघी मागच्या गुणातच अडकून पडतात. त्याऐवजी पुढच्या सर्व्हिसची खूण करायची: सर्व्हिस करणारीने पाठीमागे बोटं दाखवायची, एक बोट म्हणजे आखूड, दोन म्हणजे फ्लिक. तुमचे नियम वेगळे असतील, पण कागदावर लिहा. तोंडी ठरलेलं १८-१८ ला आठवत नाही.

गुणांचा हिशेब पालकांना सर्वांत उशिरा कळतो. क्रमवारीचे गुण जोडीच्या नावावर असतात. मागच्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धा धरल्या जातात. तुमच्या जोडीदाराचा घोटा मुरगळला तर तुम्ही ठणठणीत असूनही घरी. जोडी मोडली तर क्रमवारीत नव्या जोडीचं खातं नव्याने उघडतं. म्हणून सुरुवातीला फ्यूचर सिरीज, इंटरनॅशनल सिरीज, मग इंटरनॅशनल चॅलेंज अशा लहान आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या पायऱ्यांनी चढा. त्यांच्या वरच्या वर्ल्ड टूरमध्ये सुपर १०० पासून सुपर १००० पर्यंतचे टप्पे आहेत, पण वरच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत पाच वेळा हरण्यापेक्षा खालच्या स्पर्धेत दोनदा उपांत्य फेरी गाठलेली बरी. आम्ही उलटं केलं. मोठ्या हॉलचा मोह, दुसरं काय!

पैशांचंही स्पष्ट बोलते. वर्ल्ड टूरच्या सुपर ७५० आणि सुपर १००० स्पर्धांत एकेरीच्या विजेत्याला एकूण बक्षिसाच्या ७ टक्के मिळतात आणि दुहेरीच्या जोडीला ७.४ टक्के. तो आकडा दोघांत वाटायचा, म्हणजे माणशी ३.७. विमानाचं तिकीट मात्र अर्ध्या दरात मिळत नाही. त्यामुळे जोडी जमली की पहिल्या आठवड्यातच ठरवा: बक्षीस निम्मं निम्मं का, प्रशिक्षकाचा खर्च कोण देणार, एकाला प्रायोजक मिळाला आणि दुसऱ्याला नाही तर काय. माझी दुसरी जोडी खेळामुळे मोडली नाही, हॉटेलच्या बिलामुळे मोडली. हसू नका, खरंच.

मिश्र दुहेरी सोबतीला ठेवावी, दुसरा रस्ता म्हणून चांगली. पण एका दिवसात दोन प्रकारांचे दोन-दोन सामने आले की संध्याकाळी पाय उचलत नाहीत, तेव्हा प्रत्येक स्पर्धेत दोन्हीकडे नाव देऊ नका. शरीराचं म्हणाल तर दुहेरीत खांदा आणि गुडघे आधी बोलायला लागतात, कारण बचाव वाकूनच करायचा असतो. मांड्यांचा व्यायाम चुकवणारा तिशीपर्यंत टिकलेला मी पाहिलेला नाही.

आणि टिकलात तर दुहेरीत वय साथ देतं. इंडोनेशियाची ग्रेसिया पोली २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये मुद्दाम हरू पाहिल्याबद्दल बाद झालेल्या चार जोड्यांपैकी एकीत होती. तीच टोकियोत वयाच्या ३३ व्या वर्षी, दहा वर्षांहून लहान अप्रियानी रहायूबरोबर, मानांकन नसताना सुवर्ण जिंकली. इंडोनेशियाचाच हेंद्रा सेतियावान २००८ मध्ये मार्किस किडोबरोबर ऑलिम्पिक विजेता झाला. पुढे मोहम्मद अहसानबरोबर २०१३ आणि २०१५ मध्ये जगज्जेता. मग ते वेगळे झाले, वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर खेळून पाहिलं, परत एकत्र आले आणि २०१९ मध्ये पुन्हा जिंकले. हेंद्रा तेव्हा ३५ वर्षांचा होता.

यातलं वेगळं होणं शिकण्यासारखं आहे. जोडी सोडायची तर हंगाम संपल्यावर, समोरासमोर बसून. ज्या स्पर्धांत नावं गेली आहेत त्या एकत्र खेळून संपवायच्या, आणि तोवर तिसऱ्या माणसाशी नव्या जोडीची बोलणी करायची नाहीत. माझ्या तिसऱ्या जोडीदाराशी मी असंच बोलले. ती थोडी रडली, मग वही काढली आणि सामानाची वाटणी सुरू केली. शटलचे सात डबे होते, तीन तिला, तीन मला, एक फोडून त्याच संध्याकाळी खेळलो. रॅकेटला तार ओवायचं, म्हणजे गटिंगचं, मशीन निम्म्या-निम्म्या पैशांत घेतलेलं, ते काही कापता येईना. ते तिच्याकडेच राहिलं. माझ्या विद्यार्थ्यांच्या रॅकेटींना गटिंग अजून तीच करून देते, आणि ताण किती ठेवायचा यावरून आमचं अजून भांडण होतं.