मिशनवर असताना आजारपण आलं, तर या चुका टाळा

भायखळ्याच्या आमच्या मंडळीतून कुणी आफ्रिकेत सेवेला निघालं की निरोपाच्या सभेत हार होतात, शाल होते, प्रार्थना होते आणि शेवटी मला हाक येते, “सिस्टर, औषधांबद्दल दोन शब्द सांगा.” वॉर्डात तीस वर्षं काढलेल्या नर्सचं दोन शब्दांत भागत नाही. त्यात सगळे विचारतात, कुठल्या गोळ्या न्यायच्या. गोळ्यांवाचून सहसा कुणाचं अडलेलं मी पाहिलं नाही. दवाखान्यात जायला उशीर केल्याने मात्र अडतं.

“मलेरिया? मुंबईत दोनदा झालाय की!”

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. मुंबईत आपल्याला होतो तो बहुतेक वेळा व्हायवॅक्स जातीचा मलेरिया. हुडहुडी भरते, माणूस गळून जातो, पण क्लोरोक्विन आणि १४ दिवसांचं प्रायमाक्विन घेऊन पुन्हा लोकलला लटकायला लागतो. मलावी, टांझानिया, मोझांबिक इथला मलेरिया जवळजवळ सगळा फॅल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतणारी जात. त्याच्यावर क्लोरोक्विनचा भरवसा धरता येत नाही, आणि उपचार लांबले तर एकदोन दिवसांत तो मेंदूवर, मूत्रपिंडांवर जातो. मुंबईत सोसलेला ताप तिथे कामाला येत नाही.

म्हणून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. क्रोसिन घेऊन ‘उद्या बघू’ म्हणू नका. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि ताप हटला नाही, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा तपासा, गरज पडली तर तिसऱ्यांदाही. प्रतिबंधक गोळ्या चालू असल्या तरी मलेरिया होऊ शकतो, हे तपासणाऱ्यालाही सांगा. बरळणं, सारख्या उलट्या, डोळे पिवळे, लघवी काळपट, धाप लागणं, यातलं काहीही दिसलं की गाडी काढायची. रात्र असली तरी.

“एवढ्या रात्री सुपीरियरना, म्हणजे मठाच्या प्रमुखांना, कसं उठवायचं?”

आमच्या ओळखीतल्या एक सिस्टर (नर्स नव्हे, नन) अशाच पहाटेपर्यंत कण्हत पडून राहिल्या. पाचला प्रार्थनेची घंटा होईल तेव्हा सांगू म्हणाल्या. घंटा झाली तेव्हा त्यांना उठवेना. वाचल्या, पण आठवडाभर कुणाच्या जिवात जीव नव्हता. सेवा म्हणजे सोसणं, असं आपल्या मनात कुठेतरी पक्कं बसलेलं असतं. अमेरिकन मिशनऱ्यांच्या मराठी मिशनचा पाया घालणाऱ्यांपैकी गॉर्डन हॉल १८१३मध्ये मुंबईत आले आणि १८२६मध्ये गावोगावच्या दौऱ्यावर असताना पटकीने (कॉलऱ्याने) गेले. तेव्हा पटकीला इलाजच माहीत नव्हता. आज ओआरएस आहे, सलाइन आहे; आता दुखणं अंगावर काढण्याला मी भक्ती म्हणणार नाही.

पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एवढं विचारून ठेवा: ऑक्सिजन आणि रक्त मिळेल असं जवळचं रुग्णालय कुठलं, पावसात तिथवर किती तास लागतात, रात्री गाडी कोण चालवतं, डिपॉझिटचे पैसे कुणाकडे असतात. आणि कुणाला न विचारता निघायची मुभा आहे का, हेही. ‘ताप’ला तिथे काय म्हणतात ते पाठ करा, स्वाहिलीत ‘होमा’.

कुत्रा चावल्यावर हळद

हळद, चुना, तिखट काही लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस गाठा. जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) खेड्यात बहुधा मिळत नाही. मुंबईतूनच रेबीजची आगाऊ लस घेऊन गेलात तर त्याची गरज पडत नाही, दोन बूस्टर पुरतात.

कपाटातली पॉलिसी

विम्याची पॉलिसी इथे कपाटात आणि माणूस तिथे खाटेवर, असं नको. हेल्पलाइनचा नंबर तुमच्या आणि सोबत्याच्या फोनमध्ये असू द्या, भरती होताच त्यांना कळवा. दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते निघण्याआधी वाचा. मधुमेह लपवू नका, त्यावरूनच दावे नाकारतात. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, कंपनीने ठेवलेलं नव्हे. अगदीच हात टेकले तर भारतीय दूतावासाकडे जा. अडचणीतल्या भारतीयांसाठी त्यांच्याकडे कल्याण निधी असतो.

सहार विमानतळावर उतरलो, आता सुटलो

ही चूक मुंबईतच होते. मलेरिया टाळायला डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन घेत असाल तर परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवावं लागतं. लोक मात्र विमानतळावरून घरी येतात, आईच्या हातचं जेवतात आणि पाकीट ड्रॉवरमध्ये टाकतात. नालासोपाऱ्याचा एक मुलगा जुलैत परतला, बाराव्या दिवशी ताप आला. पावसाळा, दवाखान्यात रांग, सगळ्यांनाच ताप. डॉक्टरांनी व्हायरल समजून तीन दिवसांची औषधं दिली. दोष त्यांचा म्हणवत नाही, कारण आफ्रिकेतून आल्याचं याने सांगितलंच नव्हतं. चौथ्या दिवशी आयसीयूत नेलं, तेव्हा पासपोर्ट बघून कुणीतरी फॅल्सिपेरमची शंका घेतली.

परतल्यावर पहिले तीन महिने ताप आला, तर खुर्चीत बसण्याआधी देशाचं नाव सांगायचं: “डॉक्टर, मी मलावीहून आलोय.” खोकल्याचं नंतर.