घोड्याच्या केसांचा दाढीचा ब्रश: वास आणि गळती कशी थांबवाल

नवा ब्रश थोडा वास मारतो, पहिले काही दिवस केस सोडतो आणि फेसही नीट धरत नाही. त्यावर उपाय:

१. कोमट पाण्यात थेंबभर शाम्पू घालून केस हलक्या हाताने धुवा.
२. दाढीच्या साबणाचा दाट फेस करा आणि तो ब्रशमध्येच रात्रभर राहू द्या. सकाळी धुवा. वास उरलाच तर पुन्हा एकदा.
३. मग रोज वापरा. साधारण आठ-दहा दाढ्यांत केस मऊ पडतात.

हे केस डुकराच्या केसांसारखे फार वेळ भिजवावे लागत नाहीत. एक-दोन मिनिटे पुरतात. पाणी झटकून ओलसर ब्रश साबणावर २०-३० सेकंद फिरवा. फेस पातळ वाटला तर साबण कमी पडलाय, ब्रशला दोष देऊ नका!

गालावर मात्र जोर देऊन गोल गोल घासू नका. आयाळीचे मऊ आणि शेपटीचे राठ केस एकत्र असले की ते एकमेकांत अडकून गुंता होतो. रंग मारतात तसे मागे-पुढे फिरवा. गुंता झालाच तर ओल्या केसांतून बारीक दातांचा कंगवा टोकांकडून हळूहळू घाला.

वापरून झाल्यावर साबणाचा अंश राहू न देता धुवा, झटका, उघड्यावर वाळवा. उकळते पाणी कधीच नको, बुडाचा गोंद सुटतो आणि झुबकाच निखळतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळातला जुना ब्रश हाती आला तर तो वापरू नका. तेव्हाच्या अशा ब्रशांतून अँथ्रॅक्स हा जिवाणूंमुळे होणारा जीवघेणा रोग पसरला होता.